रात्री साडेदहाला पुस्तक का हरतं?

कर्वेनगरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवातून पिशवी भरून पुस्तकं आणली. त्यातलं एक निम्मं झालं, बाकीच्यांचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही. रात्री सगळं आवरून साडेदहाला पुस्तक हातात घेते आणि चार पानांत डोळे मिटायला लागतात. तेच पुस्तक बाजूला ठेवून मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवायला बसले की साडेबारापर्यंत झोपेचा पत्ता नसतो. नवरा हिंजवडीहून आला की रील्स बघतो, नववीतला मुलगा बीजीएमआय या लढाईच्या मोबाइल गेममध्ये असतो. सासरे ऑनलाइन रमी खेळायचे, ती बंद झाल्यापासून कुणीतरी पाठवलेल्या लिंकवर काहीतरी खेळतात. माझी वाचनाची सवय गेली का? इच्छाशक्ती कमी पडते का? गेम डिलीट करू का?

मी मोबाइल गेम बनवणाऱ्यांपैकी. बाणेरच्या एका स्टुडिओत लेव्हल किती अवघड, किती सोपी ते ठरवणं आणि बक्षिसांचं गणित बसवणं हे माझं काम. वाचनाबद्दल सांगेन ते एक वाचक म्हणून, पण गोळ्यांबद्दल आतलं सांगता येईल.

इच्छाशक्तीचा विषय आधी सोडून द्या. तुम्ही दिवसभर नोकरी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास उरकून साडेदहाला बसता. समोरचा गेम मात्र ताज्या डोक्याच्या एका अख्ख्या टीमने, लाखो लोक कुठल्या क्षणी उठून जातात हे रोज मोजून बनवलेला असतो. यात तुम्ही हरता याचं आश्चर्य नाही. अधूनमधून जिंकता, हेच विशेष.

आमच्याकडे कुठल्याही गेमचे तीन आकडे सगळ्यात आधी बघतात: डी-वन, डी-सेव्हन आणि डी-थर्टी. आज गेम फोनवर घेतलेल्यांपैकी उद्या किती परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. लोकांना मजा आली का, हे त्या तक्त्यात नसतं. बहुतेक खेळाडू गेममध्ये कधीच एक रुपयाही घालत नाहीत. पैसा येतो तो थोड्या लोकांच्या खरेदीतून आणि बाकीच्यांनी बघितलेल्या जाहिरातींतून, आणि दोन्हीसाठी माणूस रोज यावा लागतो. हा धंदा किती मोठा आहे म्हणाल, तर 2012 मध्ये आलेला कँडी क्रश सागा हा गोळ्या जुळवायचा गेम ज्या कंपनीचा, ती किंग कंपनी 2016 मध्ये 5.9 अब्ज डॉलरला विकली गेली. कुठल्याही कागदी पुस्तकाच्या प्रकाशकाला तिच्या संध्याकाळच्या गर्दीचा हेवा वाटेल.

आता त्या गेममधले जीव घ्या. पाच असतात, हरलात की एक जातो आणि अर्ध्या तासाने एक परत मिळतो. पाचही संपले तर पूर्ण भरायला अडीच तास. वरवर हा लगाम वाटतो आणि थोडाफार तो आहेही. पण त्याचं मुख्य काम वेगळं: खेळून पोट भरण्याच्या आत तुम्हाला उठवायचं, म्हणजे अर्ध्या तासाने तुम्हाला परत यावंसं वाटतं. भाजी फोडणीला टाकताना 'आता एक जीव आला असेल' हा विचार आपोआप येत नाही, तो पेरलेला असतो.

दुसरी गोष्ट बक्षिसांची. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ छापला. ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल, तर कबुतर दाणा खाऊन जरा थांबतं. दाणा कितव्या चोचीला मिळेल हे कळेनासं केलं, की ते न थांबता चोच मारत राहतं. जुगाराच्या यंत्रांना हे आधीपासून ठाऊक होतं, आमच्या गेममधल्या बक्षिसांच्या पेटाऱ्यांना आणि फिरत्या चाकांना आता ठाऊक आहे. लेव्हलही सरळ चढत नाहीत. तीन सोप्या, एक बरी, एक जिच्यावर तुम्ही दोन दिवस अडकाल, मग लगेच एक अगदी हलवा. अवघड लेव्हलमध्ये चाली अशा बेताने दिलेल्या असतात की बरेच लोक थोडक्यात हरावेत. 'दोनच चाली कमी पडल्या!' असं जे तुम्ही म्हणता, त्या क्षणाला पाच जादा चाली विकायचं बटण वर येतं. सपशेल हरलेला माणूस फोन ठेवून देतो, थोडक्यात हरलेला ठेवत नाही.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. या गेममध्ये संपणं ही घटनाच नाही. लेव्हल हजारोंनी आहेत आणि दर थोड्या दिवसांनी नव्या येतात. त्यावर तीन दिवसांची एक स्पर्धा, आठवड्याची दुसरी, महिन्याचा वेगळा पास. या एकमेकींवर मुद्दाम चढवलेल्या असतात, म्हणजे एक संपते तेव्हा दुसरी निम्म्यात असते. कुठल्याही रात्री, कुठल्याही वेळी उठलात तरी तुम्ही कशाच्या तरी मध्यातूनच उठता. सुरुवात मात्र लोण्यासारखी: फोन हातातच असतो, एक बोट लावायचं, काही आठवावं लागत नाही.

पुस्तकाचं नेमकं उलट. संपायच्या जागा भरपूर: परिच्छेद, प्रकरण, शेवटचं पान. पण सुरुवात महाग. कादंबरीची पहिली तीसचाळीस पानं नावं लक्षात ठेवण्यात, गाव डोळ्यांसमोर आणण्यात आणि लेखकाच्या चालीला कान लावण्यात जातात. हा खर्च ताजं डोकं करू शकतं. साडेदहाला ते उरलेलं नसतं. म्हणून पुस्तक चार पानांत हरतं, आणि तुम्ही त्याचा अर्थ 'माझं वाचन सुटलं' असा लावता. सुटलेलं नाही. दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळेला तुम्ही त्याला आखाड्यात उतरवताय.

तेव्हा माझं पहिलं सांगणं असं की साडेदहाची वेळ पुस्तकाकडून काढून घ्या. ती खुशाल गेमला द्या. दमलेल्या डोक्याला काहीतरी बिनमेहनतीचं हवं असतं आणि त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे वाचणारा तो सुसंस्कृत आणि खेळणारा वाया गेलेला, असं एक वर्गीकरण आहे. सदाशिव पेठेत तर ते अजून जिवंत आहे. पण रात्री दोनपर्यंत रहस्यकथांचा फडशा पाडणाऱ्या मागच्या पिढीलाही घरचे याच शब्दांत बोलायचे. फक्त गेमला त्याच्याकडे नसलेला शेवट तुम्ही लावून द्यायचा.

त्यासाठी पाच जीवांचा लगाम खरोखर लगाम म्हणून वापरा. पाच संपले की फोन बंद. हा लगाम सैल करणाऱ्या तीन गोष्टी ओळखून ठेवा. एक, जाहिरात बघून मिळणारा जादा जीव. दोन, गेममधल्या आपल्या टीमच्या खेळाडूंकडे जीव मागणं. त्यात आणखी एक अडचण अशी की मग तुम्हालाही द्यायला यावं लागतं आणि खेळणं भिशीसारखं अंगावर पडतं. तीन, आणि सगळ्यात बिलंदर: 'दोन तास अमर्याद जीव' ही भेट. एवढी उदार वाटते की लोक खूश होऊन स्क्रीनशॉट पाठवतात. प्रत्यक्षात गेममध्ये थांबायची जी एकमेव जागा होती, ती त्या दोन तासांसाठी काढून घेतलेली असते. ही भेट लागली की त्या रात्री गेम उघडू नका, वाया गेली तर गेली.

नोटिफिकेशन बंद करा हे सगळेच सांगतात, मी फक्त कारण जोडते: ती कुणालाही कधीही जात नाहीत, तुम्ही एरवी ज्या वेळेला खेळता त्या वेळेच्या आसपास येतात. फोनमधली वेळमर्यादा, म्हणजे अँड्रॉइडमधलं डिजिटल वेलबीइंग किंवा आयफोनमधलं स्क्रीन टाइम, लावून बघा, पण तिच्यावर फार विसंबू नका. ती उठवायला दोन टिचक्या पुरतात आणि रात्री बाराला हात तेवढा चपळ असतो. त्यापेक्षा खेळताना इंटरनेट बंद ठेवा. गोळ्या जुळवायचे बरेच गेम नेटशिवाय चालतात, आणि नेट नसलं की जाहिराती, स्पर्धा, टीम, चाकं सगळं गळून पडतं. उरतो तो नुसता खेळ, आणि तो किती लवकर कंटाळवाणा होतो ते तुम्हीच बघा. चार्जर हॉलमध्ये ठेवण्याचा उपाय जुनाच आहे, पण चालतो.

गेमच खेळायचे तर संपणारेही मिळतात. वर्डल हा शब्दांचा खेळ 2021 च्या अखेरीस जगभर पसरला तो दिवसाला एकच कोडं देऊन, आणि अजूनही त्याचं रोजचं नवं कोडं एकच असतं. इंग्रजीत आहे एवढंच. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं आणि सुडोकू याच जातीचे, पान भरलं की संपलं. मॉन्युमेंट व्हॅली नावाचा 2014 चा एक देखणा गेम दहा लेव्हलचा आहे, एकदा पैसे द्यायचे आणि दोन संध्याकाळींत तो पुरा होतो. आमच्या व्यवसायाचा अभिमान वाटावा अशा थोड्या गोष्टींतली ती एक. बुद्धिबळ खेळत असाल तर लिचेस फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. पण तीन मिनिटांचा डाव लावू नका. 'अजून एकच' या बाबतीत तो गोळ्यांच्या तोडीस तोड आहे. पंधरा मिनिटांचा लावा, किंवा दिवसाला एक चाल असलेला.

पुस्तकांकडे येते, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय.

कपाटातलं पुस्तक कधीही वाचता येतं, म्हणून ते आज वाचलं जात नाही. विकत घेतलेल्या पुस्तकाला मुदत नसते. वाचनालयाच्या पुस्तकाला असते, आणि मला वाटतं पुण्यात वाचनाची सवय जी टिकली ती खरेदीपेक्षा त्या परतीच्या तारखेमुळे. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासून आहे, पुणे मराठी ग्रंथालय 1911 पासून, आणि त्याशिवाय पेठांत नि उपनगरांत छोटी वाचनालयं अजून तग धरून आहेत. एकाची वर्गणी भरा. पुस्तक बदलायला जाणं हा आठवड्यातला एक कार्यक्रम होतो, काउंटरवरची व्यक्ती 'हे वाचलंत का' म्हणून काहीतरी पुढे सरकवते, आणि न आवडलेलं पुस्तक अर्धवट परत करताना पैसे बुडाल्याचं दुःख होत नाही. तुमच्या पिशवीतल्या पुस्तकांचं ओझं निम्मं तेच आहे: पैसे दिलेत म्हणून ती 'वाचायलाच हवीत' झालीत. अप्पा बळवंत चौकातल्या खरेदीचंही असंच होतं. पुस्तक घेतल्याचं समाधान एवढं पुरेसं असतं की वाचायची घाई उरत नाही.

पिशवीतली सगळी पुस्तकं बाहेर काढा, प्लॅस्टिक फाडा. प्लॅस्टिक हा उगाचच एक अडथळा आहे, आणि अडथळे कसे मोजतात ते मला विचारा. आमच्याकडे एक जादा बटण दाबायला लागलं तरी किती लोक गळाले याचा हिशेब होतो. प्रत्येकाची पाच पानं उभ्या उभ्या वाचा, जे ओढेल ते एक बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. बाहेरचं पुस्तक जिथे तुम्ही खरोखर बसता तिथे हवं: सकाळच्या चहाच्या जागी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतच्या स्टुलावर. रविवारी दुपारी, शहर एक ते चार बंद असतं असं जे म्हणतात त्या वेळेत, तुमच्या पन्नास पानांना कुणाची स्पर्धा नाही. पहिली चाळीस पानं तिथेच, एका बैठकीत संपवा. सुरुवातीचा खर्च एकदा भागला की मग तेच पुस्तक रात्रीसुद्धा चालतं.

आणि आमची एक युक्ती उलटी फिरवा. प्रकरण संपल्यावर थांबू नका, पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचून मध्येच खूण घाला. गेम तुम्हाला कायम कशाच्या तरी मध्यात ठेवतो म्हणून तुम्ही परत जाता. पुस्तकातही तेच होतं.

कादंबरी जमत नसेल तर दिवाळी अंक काढा. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हा मोबाइलचा विचार नव्हता, पण थकलेल्या माणसासाठी याहून सोयीचा आकार मला माहीत नाही. एक कथा वीस मिनिटांत, एक लेख दहा मिनिटांत, कंटाळा आला तर पुढचं पान. बरीच वाचनालयं ठरावीक रकमेत पाळीपाळीने अंक वाचायला देतात आणि ते काही महिने चालतं. शिळा अंक वाचायला कमीपणा वाटून घेऊ नका, कथा नासत नाही.

नवऱ्याच्या रील्सबद्दल थोडकंच. खाली सरकवत राहा आणि तळ लागू नये, ही न संपणाऱ्या पानाची कल्पना आझा रास्किन या डिझायनरने 2006 मध्ये मांडली, आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल तो स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त करत आलाय. दीड तास वाहतुकीत काढून आलेल्या माणसाला अर्धा तास कुणी काही विचारू नये असं वाटतं, ते मिळू द्या. अर्ध्या तासानंतर हातात पत्त्यांचा जोड द्या. तुमच्या घरात चार माणसं आहेत, म्हणजे मेंढीकोटाची सोय झालेलीच आहे. इतकी जमून आलेली घरं आता कमी. दोन जोड्या, तीन डाव, पाऊण तास, आणि नाना, म्हणजे तुमचे सासरे, तुम्हा सगळ्यांना हरवतील.

मुलाचं थोडं सविस्तर. बीजीएमआयची एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, चौघांचा संघ असतो आणि शेवटी उरेल तो संघ जिंकतो. मध्येच वायफाय बंद केलं तर तो तीन मित्रांना तोंडघशी पाडतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला ते ऐकावं लागतं. त्यामुळे तो चिडतो ते गेमसाठी कमी आणि इभ्रतीसाठी जास्त. 'जेवायला ये' असं ओरडण्याऐवजी 'किती जण उरलेत?' असं विचारा. या प्रश्नाने दोन कामं होतात: तुम्हाला किती मिनिटं लागतील ते कळतं, आणि त्याला कळतं की आईला खेळ समजतो. नियम मिनिटांचा नको, मॅचचा करा: शाळेच्या दिवशी दोन, आणि दुसरी किती वाजायच्या आत सुरू झाली पाहिजे ते ठरवून. हा नियम त्याला पटतो, कारण मॅचला शेवट असतो.

व्यसन हा शब्द घरात जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या वर्गीकरणात, जे 2022 च्या सुरुवातीपासून लागू आहे, गेमिंगच्या विकाराची व्याख्या आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही ते चालूच राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकून शाळा, घर, झोप यांची खरी पडझड होणं. दोन मॅच जास्त खेळणारा मुलगा यात बसत नाही. शाळेत जायचं बंद झालं, मित्र तुटले, रात्रभर जागरण रोजचंच झालं, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 वर चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

तुमच्या पत्रात तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय ते सासऱ्यांबद्दल, आणि मला काळजी वाटते ती त्यांचीच. वर सांगितलेलं सगळं वेळ खातं, हे पैसे खातं. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला होता, त्या आधारावर रमीची ॲप्स वाढली. ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या केंद्राच्या कायद्याने कौशल्य असो की नशीब, पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. हे नानांना मुद्दाम सांगा, नाहीतर ते घाबरून लपवतील. आता लिंकवरून येणारं जे काही आहे, त्याचा मालक कुठे बसलाय हेही कळत नाही. त्यात जिंकलेले पैसे स्क्रीनवर दिसतात, काढायला गेलात की 'आधी एवढी रक्कम भरा' असा निरोप येतो. याला मी गेम म्हणणार नाही. बँकेचे मागच्या काही महिन्यांचे व्यवहार त्यांच्याबरोबर बसून बघा, पाठीमागे नको. पैसे गेलेले दिसले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. रमीची हौस खरी असेल तर बागेतल्या मंडळींचा अड्डा शोधून द्या, तिथे चहा पैजेवर लावतात आणि तेवढं चालतं.

आता शेवटचा प्रश्न, डिलीट करू का. करायचा तर भीती बाळगू नका. गेमला तुमचं खातं जोडलेलं असेल तर लेव्हल आणि सोनं सर्व्हरवर शाबूत राहतं, परत टाकलात की जिथे होतात तिथेच निघता. 'इतक्या लेव्हलची मेहनत वाया जाईल' म्हणून थांबला असाल तर ते कारण नाही. पण मी आधी दोन आठवडे नेट बंद करून, पाच जीवांवर खेळून बघेन. तेवढ्यात तो फिका पडला तर काढून टाकायची गरजही उरणार नाही. फिका नाही पडला, पाच जीव संपल्यावर हात आपोआप जाहिरातीकडे जात राहिला, तर डिलीट करा, आणि ते सकाळी करा. रात्री साडेबाराला वैतागून डिलीट केलेले गेम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतात. आमच्या तक्त्यात ते दिसतं.